पुण्यात राहून स्कूबा: क्लबात जावं का, आणि कुठल्या?

बावधनकर

नमस्कार मंडळी,

पोहण्यावर इथे भरपूर लिहिलं गेलंय, पण पुण्यात राहून स्कूबा डायव्हिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी एका जागी काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

माझं वय ४६. लहानपणी टिळक टँकवर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, ते आजतागायत सुटलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात घरच्यांबरोबर तारकर्लीला गेलो होतो तेव्हा मालवणात ट्राय डाइव्ह केली. गाइड मागून सिलिंडर धरून नेतो, आपण फक्त श्वास घ्यायचा आणि बघायचं. फार आवडलं. पण वर आल्यापासून एकच डोक्यात आहे की हे आपलं आपल्याला करता आलं पाहिजे, कोणी धरून नेल्याशिवाय.

चौकशी केली तेव्हा दोन रस्ते दिसले. एक म्हणजे गोव्याला किंवा अंदमानला जाऊन चार दिवसांत ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या प्रमाणपत्राचा, कोर्स उरकायचा. दुसरा म्हणजे पुण्यातला एक क्लब. ते लोक रविवारी तलावावर जमतात, थिअरी आणि तलावातला सराव इथेच करून घेतात आणि हंगामात समुद्रावर नेतात. फोनवर बोलणं चांगलं वाटलं. पण पैसे भरण्याआधी नेमकं काय बघायचं तेच कळत नाही. शहराला समुद्रच नसताना क्लबचा खरंच उपयोग होतो का? या वयात सुरुवात करावी का? आणि सौ.ना काळजी आहे, तिला काय सांगू?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

सह्यभटक

धागा काढल्याबद्दल आभार. मलाही हेच विचारायचं होतं. वाचतोय.

निळाई

बावधनकर, मी बरीच वर्षं एका क्लबात आहे (नाव लिहीत नाही, जाहिरात नको), त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

समुद्र नसलेल्या शहरालाच क्लबची गरज जास्त. मालवणच्या माणसाला पाणी रोज समोर आहे. आपण हंगामात एखाद-दोनदा जाणार. पश्चिम किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट सगळं बंदच असतं आणि खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. चार दिवसांत कार्ड, म्हणजे प्रमाणपत्र, मिळतं हे खरं आहे, पण आठ महिने पाण्यात न गेलेल्या माणसाच्या हातून साध्या गोष्टी निसटतात. मास्कमध्ये पाणी शिरलं की नाकाने श्वास घेतला जातो, बीसीडीचं (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटाचं) कुठलं बटण हवा भरतं आणि कुठलं सोडतं हे शोधावं लागतं. क्लबात पावसाळाभर तलावावर हेच चालू असतं. बाहेर मुसळधार पाऊस, आणि आम्ही तलावाच्या तळाशी गुडघे टेकून मास्क काढायचा, परत घालायचा, वरची कड कपाळाशी दाबून नाकाने हवा सोडायची आणि पाणी खालून बाहेर काढायचं. कंटाळवाणं वाटेल, पण समुद्रात हेच कामाला येतं.

आता क्लब कुठला. सगळे क्लब सांगतात की आमच्याकडे वातावरण अगदी घरच्यासारखं असतं. डाइव्हनंतरचा चहा, फोटो, वाढदिवस हे सगळं मलाही आवडतं. पण क्लब खरा आपुलकीचा आहे का, हे माझ्या मते एकाच प्रश्नावरून कळतं: तिथे ऐनवेळी 'आज मी उतरत नाही' असं म्हणता येतं का?

डायव्हिंगमध्ये जुना नियम आहे. कोणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नाही. अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'चला वर', आणि बडीने, म्हणजे जोडीदाराने, लगेच वर यायचं. कागदावर हा नियम सगळे मानतात. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. आमच्या एका सहलीत बोट हलत होती, सगळ्यांचं सामान चढवून झालं होतं आणि एक ताई काठावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "मला नाही जायचं आज." पैसे भरलेले, पुण्याहून रात्रभर प्रवास केलेला. लीडरने फक्त "बरं" म्हटलं, त्यांचा वेट बेल्ट सोडवला, बीसीडी उतरवायला हात दिला आणि त्यांच्या बडीला दुसऱ्या जोडीबरोबर घेतलं. परतीच्या प्रवासातही कोणी विषय काढला नाही. दुपारी त्याच ताई दुसऱ्या डाइव्हला उतरल्या.

असं जिथे होतं तिथे जा. जिथे "अहो, काही होत नाही, उतरा बिनधास्त" असा आग्रह होतो तिथे जाऊ नका, मग तिथली माणसं कितीही गोड असोत. भिडेपोटी पाण्यात उतरणं हा आपल्याकडचा खरा धोका आहे. इतरांचा रसभंग नको म्हणून माणूस गप्प बसतो, कान दुखत असतानाही खाली जातो. चांगला क्लब ही भीड मोडून काढतो.

वयाचं म्हणाल तर वरची मर्यादा नाही. पण कोर्सआधी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते आणि ४५ वर्षांपुढच्यांना त्यात धूम्रपान, कोलेस्टेरॉल, हृदय वगैरेंबद्दल जादा प्रश्न असतात. एखाद्या उत्तराला 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागते. ही प्रश्नावली न देता तुम्हाला कोणी पाण्यात घेत असेल, तर तिथूनच परत फिरा.

सह्यभटक

निळाई, प्रतिसाद फार पटला. पुण्यात गिर्यारोहणाच्या संस्थांत हेच शिकवतात. दोर लावलेला असताना कोणी 'नाही' म्हटलं की विषय संपला. मी कातळारोहण करतो, आणि ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी पहिला महिना गाठी आणि बिले (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं) याशिवाय काही करू दिलं नव्हतं.

एक शंका. मालवणहून परत येताना गगनबावडा किंवा फोंडा घाट चढावा लागतो. डायव्हिंगनंतर विमानात बसू नये असं ऐकलंय. मग घाटाचं काय?

काननाकघसा

पेशाने डॉक्टर आहे, स्वतः डायव्हिंगही करतो. कानांबद्दल लिहितो, कारण नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, तीस मीटरवर ४. म्हणजे कानाच्या पडद्यामागच्या हवेचं आकारमान दहा मीटरवर निम्मं होतं. सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो, त्यामुळे तलावातसुद्धा कान दुखू शकतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि तेही दुखायच्या आधी. प्रत्येक मीटरला, किंबहुना त्याहून लवकर. एकदा दुखायला लागलं की कानातून घशाकडे जाणारी नळी दाबानेच मिटलेली असते, मग जोर लावून उपयोग नाही. थोडं वर यायचं, मोकळं करायचं आणि मगच पुन्हा खाली.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरणारे बरेच असतात. गोळीचा असर पाण्याखाली उतरला, तर वर येताना हवा अडकते आणि ते जाताना अडकण्यापेक्षा वाईट, कारण वर तर यावंच लागतं.

दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर प्रश्नावलीत लपवू नका. गरोदरपणात डायव्हिंग पूर्ण वर्ज्य.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: सिलिंडरवर असताना श्वास कधीही रोखायचा नाही. खाली फुप्फुसभर घेतलेली हवा वर येताना फुगते. दीड-दोन मीटर खोल तलावातून श्वास रोखून वर आल्यानेही फुप्फुसाला इजा झालेल्या आहेत. पट्टीचे पोहणारे इथेच अडखळतात, कारण पाण्यात तोंड घातलं की श्वास धरायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. बावधनकर, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

मालवणचो_झील

आमच्या मालवणाबद्दल लिवलास, बरा वाटला. पुढचा प्रमाण मराठीत लिहितो, सगळ्यांना कळूदे.

पुण्याहून येणाऱ्यांना एक विनंती आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा हा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. आमचे प्रवाळ काही अंदमानसारखे रंगीत नाहीत. पाणीही दरवेळी नितळ मिळत नाही, कधी सात-आठ मीटर दिसतं, कधी हातभरच. पण जे आहे ते जिवंत आहे. खडकाच्या कपारीत वामेच्या जातीतला मोरे ईल तोंड उघडून बसलेला असतो. तोंड उघडं म्हणजे चावायला येतोय असं नाही, तो श्वास घेतोय. हेकरू मासा दिसतो, कधी पाकट वाळूतून उठून जाते.

फोटोसाठी माशांना पाव-बिस्किटं चारायची पद्धत पडली आहे. तुमच्या क्लबने ती करू नये आणि गाइडने पुडा काढलाच तर "नको" म्हणावं. गिऱ्हाइकाने नको म्हटलं की पद्धत बदलते, आम्ही सांगून बदलत नाही. प्रवाळांवर उभं राहू नये. ज्या बोटीने जाल तिने प्रवाळावर नांगर टाकू नये, हेही आधीच बोलून घ्या. प्रवाळाचा तुकडा, समुद्री घोडा, समुद्री काकडी यांतलं काहीही आठवण म्हणून नेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहेत.

तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिचा स्वतःचा खोल तलाव आहे. समुद्र खवळलेला असला तरी तिथे सराव होतो. शिकणाऱ्यांनी तिथेही चौकशी करावी.

हडपसरची_मीरा

बायकांच्या बाजूने थोडं लिहिते, कारण हे प्रश्न मैत्रिणी मला फोनवर विचारतात आणि धाग्यावर विचारत नाहीत.

वेटसूट घालताना-काढताना मदत लागते. माझ्या क्लबात तलावावर बदलण्यासाठी नीट जागा आहे की नाही, हे मी पैसे भरण्याआधी जाऊन पाहिलं. बोटीवर काय सोय असते तेही विचारलं. प्रशिक्षक पुरुष असला तर सामान तपासताना तो आधी सांगून हात लावतो का, हे पहिल्याच दिवशी कळतं. चांगला प्रशिक्षक म्हणतो, "आता तुमचा पट्टा ओढून बघतोय." पाळी असताना डाइव्ह करता येते, त्या दिवशी स्वतःला बरं वाटत असेल तर. शार्क येतील वगैरे भीती सोडून द्या.

शेवटचं म्हणजे क्लबातल्या जुन्या बायकांशी बोला. त्या टिकून आहेत का आणि लीडर म्हणून पुढे आल्यात का? तुम्ही भेट द्यायला गेलात आणि एकही जुनी बाई दिसली नाही, तर का नाही हे विचारा.

बावधनकर

इतक्या मनापासून लिहिताय सगळे, खूप आभार. डॉक्टर, श्वासाचा मुद्दा डोक्यात पक्का बसला. सह्यभटकांच्या घाटाच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय, आम्ही गाडीनेच जाणार. आणि सामानाचं काय करायचं? लगेच विकत घ्यावं का?

निळाई

घाटाचा प्रश्न पुणेकरांसाठी कळीचा आहे, त्यावर आधी लिहिते.

दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. दाब झपाट्याने कमी झाला तर सोड्याची बाटली फट्कन उघडल्यावर होतं तसं होतं, बुडबुडे धरतात. सांधे दुखणं, बधिरपणा, चक्कर, आणि वाईट प्रसंगी लकवा. म्हणून वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं.

वर आल्यावरही नायट्रोजन अंगात असतोच. म्हणून विमानाआधी एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि बऱ्याच डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर निदान १८ तास थांबावं, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, सांगतं. हा नियम विमानाच्या केबिनसाठी आणि साधारण २,००० फुटांच्या, म्हणजे ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे. आता आपला रस्ता बघा. समुद्रसपाटीवरून निघायचं आणि तास-दोन तासांत घाटमाथ्यावर. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. पुणं ५६० मीटरवर, पण मधे खंबाटकी आहे, कात्रज आहे. विमानाइतकी उंची नाही हे खरं, पण आकडा सीमेवरच आहे, आणि तो ओलांडायला आपल्याला विमान लागत नाही, स्टिअरिंग पुरतं.

आमच्या क्लबात सोपा नियम आहे. शेवटची डाइव्ह सकाळी, दुपारी किल्ला किंवा नुसता आराम, रात्री मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून निघायचं. चिपीहून विमानाने परतणाऱ्यांनी १८ तास मोजूनच तिकीट काढावं. सोमवारी ऑफिस असतं म्हणून रविवारी दुपारी डाइव्ह आणि संध्याकाळी घाट, असा कार्यक्रम कुठल्याही क्लबाच्या पत्रकात दिसला तर मी त्या क्लबाबरोबर जाणार नाही. बाकी सगळं उत्तम असलं तरी.

याच कारणासाठी खडकवासला-मुळशीत सिलिंडर घेऊन उतरायचा विचार कोणी करू नका. परवानगीचा प्रश्न वेगळाच, पण ३०० मीटरच्या वरचं पाणी म्हणजे 'उंचीवरची डाइव्ह' धरतात आणि तिचं गणित वेगळं असतं. शिवाय धरणात गाळ, बुडालेली झाडं, जाळी आणि दिसणं शून्य.

तळपाणी

सामानाबद्दल मी लिहितो, हा माझा आवडता विषय.

सुरुवातीला फक्त मास्क विकत घ्या. बाकी सगळं क्लबाचं भाड्याने. मास्क तेवढा आपल्या चेहऱ्याचाच हवा. दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशी असेल तर मिशीचीच नाकाखालची वरची कड थोडी कापावी लागते, नाहीतर तिथून पाणी झिरपतं. चष्मा असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क मिळतो. तोवर सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, फक्त मास्क भरला की डोळे मिटा.

क्लब निवडताना मी माणसांच्या आधी त्यांचा सामानाचा कोपरा बघतो. सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची) तारीख ठोकलेली असते, ती वाचा. रेग्युलेटरची (सिलिंडरमधली हवा तोंडात पोचवणाऱ्या उपकरणाची) सर्व्हिस कधी झाली याची नोंदवही मागा. हवा कुठे भरतात ते विचारा. कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी गाडीच्या किंवा जनरेटरच्या धुराजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये जातो, आणि पृष्ठभागावर जो नुसता डोकं दुखवेल तोच खाली जीव घेतो. फिल्टर कधी बदलला हे मालकाला तोंडपाठ हवं. हे प्रश्न विचारल्यावर जो रागावतो त्याच्याकडे जाऊ नका. जो उठून दाखवायला लागतो तो तुमचा माणूस.

बडीची तपासणी डोळ्यांनी बघण्यासारखी असते. बीसीडी, वजनं, बकलं, हवा, आणि शेवटी एकदा डोक्यापासून पायापर्यंत. हवा तपासताना नुसता गेजवरचा आकडा वाचायचा नाही. रेग्युलेटर तोंडात धरून दोन-चार मोठे श्वास घ्यायचे आणि त्याच वेळी काट्याकडे बघत राहायचं. काटा स्थिर असला तर ठीक. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. पृष्ठभागावर तशाने श्वास नीट येतो, पण खोलवर हवा कमी पडते. तलावावर भेट द्याल तेव्हा जोड्यांकडे बघा: किती जण श्वास घेताना काट्याकडे बघतात? त्या क्लबाची शिस्त तिथेच कळेल.

एक राहिलं. साधारण २०० बारवर (बार हे हवेच्या दाबाचं माप) भरलेला सिलिंडर ५० बार शिल्लक असताना घेऊन वर यायचं. क्लबातला कोणी 'मी ३० वर आलो' असं कौतुकाने सांगत असेल आणि लोक हसून टाळ्या देत असतील, तर तो क्लब नको.

विमाननगर_२२

मी जरा वेगळं मत मांडतो. ज्याला दोन-तीन वर्षांतून एकदा अंदमानला जाऊन मासे बघायचे आहेत, त्याला क्लबाची गरज नाही. चांगल्या केंद्रात प्रत्येक वेळी गाइडबरोबर १२ मीटरपर्यंतची ट्राय डाइव्ह करावी, आनंद तोच मिळतो. कोर्सचा खर्च पंचवीस-तीस हजारांपासून पुढे सांगतात, वर क्लबाची वर्गणी, सहलींचा खर्च, आणि सगळ्यात महाग म्हणजे रविवार. घरी लहान मुलं असताना मला ते जमलं नसतं. मी कार्ड काढलं आणि मग कित्येक वर्षं पाण्यात गेलोच नाही. सगळ्यांनी शिकलंच पाहिजे असं नाही.

निळाई

विमाननगर, तुमचं म्हणणं रास्त आहे. ट्राय डाइव्ह चांगल्या हातांत असेल तर त्यात काहीच कमी नाही. पण बावधनकरांनी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की कोणी धरून न नेता करायचंय. ज्याला ते हवंय त्याला रविवार द्यावेच लागतील.

कार्ड असून बरीच वर्षं गेली असतील तर तुमच्यासाठीही दार उघडं आहे. बहुतेक क्लब तलावात उजळणी करून घेतात. एखाद्या रविवारी नुसते या, मुलांनाही आणा.

कोथरूडची_आई

मुलांचा विषय निघाला म्हणून विचारते. माझी मुलगी ११ वर्षांची आहे, पोहते छान. तिला चालेल का? आणि एखादीच डाइव्ह करताना समुद्रात काही झालं तर जवळ उपचार कुठे?

काननाकघसा

ताई, पॅडीच्या (डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या) पद्धतीत ज्युनियर ओपन वॉटर वयाच्या १० पासून करता येतं. १०-११ वर्षांच्या मुलांना आईवडिलांपैकी प्रमाणपत्रधारक किंवा प्रशिक्षकाबरोबर, तेही १२ मीटरपर्यंतच. मोठ्यांच्या ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर. पण वयापेक्षा दोन गोष्टी बघा. तिला स्वतःला हवंय का, आणि कान दुखला तर ती न लाजता सांगते का? गप्प सोसणारी मुलगी असेल तर आणखी दोन वर्षं थांबा, समुद्र कुठे जात नाही.

उपचारांचं: बुडबुड्यांच्या आजारावर शुद्ध ऑक्सिजन आणि मग हायपरबॅरिक चेंबर, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणारी बंद खोली. मुंबईत नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात ती सोय आहे. म्हणून बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का, तो भरलेला आहे का आणि कोणाला चालवता येतो, हे विचारायचंच. नुसतं 'आहे' म्हणाले तर "उघडून दाखवा" म्हणा. डायव्हिंगचा वेगळा विमा मिळतो, तोही काढावा. साध्या आरोग्य विम्यात साहसी खेळ बहुतेकदा वगळलेले असतात.

बावधनकर

रविवारी तलावावर जाऊन आलो. सौ.पण आली होती.

तळपाणींनी सांगितलं तसं आधी सामान बघितलं. सिलिंडरवरची तारीख मी वाचतोय हे पाहून तिथली एक मुलगी स्वतःहून नोंदवही घेऊन आली. हवा कुठून भरतात तेही सांगितलं. मग जोड्यांची तपासणी बघत बसलो. एकूण एक जण काट्याकडे बघत श्वास घेत होता. एकाचा काटा हलला, बडीने मागे हात घालून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

मला उथळ भागात मास्क भरून घेऊन काढायला लावला. डॉक्टर म्हणाले तसंच झालं. पाणी नाकाला लागलं आणि माझा श्वास आपोआप थांबला. प्रशिक्षकाने समोर गुडघ्यावर बसून माझ्या डोळ्यांत बघत स्वतःच्या तोंडासमोर बोटं हलवली, बुडबुडे सोडा म्हणून. तेवढ्याने श्वास सुरू झाला. दुसऱ्या वेळी जमलं.

सौ.ने त्यांना थेट विचारलं, "ह्यांना मधेच भीती वाटली तर?" ते म्हणाले, "मग वर येतील. आम्ही पण येऊ. पैसे परत मिळत नाहीत, तेवढं आधीच सांगून ठेवतो." तिला ते उत्तर आवडलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, भर फॉर्म.

त्यांच्या पत्रकात मालवणची सहल शुक्रवार रात्र ते सोमवार आहे. शेवटची डाइव्ह रविवारी सकाळी, सोमवारी सकाळी निघायचं. म्हणजे सोमवारची रजा टाकावी लागणार.

सह्यभटक

रजा टाका. आणि क्लबाचं नाव व्यनि करा, मी पण येतो.

मालवणचो_झील

नोव्हेंबरात या. पाणी तोपर्यंत निवळलेलं असतं. येण्याआधी दोन दिवस इथे लिहा, मी समुद्र कसा आहे ते सांगतो.

निळाई

बावधनकर, अभिनंदन. प्रश्नावलीत ४५ वर्षांपुढचा रकाना आहे, तो न चुकता भरा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना कोर्सआधीच दाखवून घ्या. सही मिळायला वेळ लागतो आणि मग तलावाची पहिली बॅच हुकते.